गोठ्यातील रबरी मॅट : गाईसाठी घेतलेली की मालकासाठी?

गोठ्यात अंथरायची रबरी मॅट गाईच्या आरामासाठी म्हणून विकली जाते आणि गोठा धुवायला सोपा जावा म्हणून विकत घेतली जाते. हे दोन हेतू एकमेकांच्या विरोधात नाहीत, पण ते एकच आहेत असेही नाही, आणि या उत्पादनाविषयी ऐकू येणारी मते इतकी उलटसुलट का असतात याचे कारण मला तरी या फरकातच सापडते. ज्याला धुण्याची सोय हवी होती तो पहिल्या दिवसापासून खूश असतो. ज्याला आपली गाय अधिक वेळ निवांत बसलेली पाहायची होती तो काही महिन्यांनी कुरकुर करू लागतो. आणि दोघांच्या गोठ्यात मॅट मात्र एकाच साच्यातली असते. आमच्या गोठ्यात सिमेंटच्या जमिनीवर अशा मॅट टाकून आता पुरेसा काळ लोटला आहे. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण या जाडीच्या आणि या घडणीच्या मॅट अनेक जण बनवतात आणि खाली लिहिलेले त्या सगळ्यांना थोड्याफार फरकाने लागू पडते.

आधी वस्तूविषयी. मॅट भरीव रबराची, साधारण दोन सेंटिमीटर जाडीची आहे. वरच्या बाजूला पकड मिळावी म्हणून बारीक उंचवटे आहेत, खालच्या बाजूला पाणी व मूत्र उताराने निघून जावे म्हणून खाचा आहेत आणि कडा एकमेकींत अडकतील अशा दातेरी कापलेल्या आहेत. एकट्या माणसाला सहज उचलता येणार नाही इतकी ती जड आहे. हा दोष नसून गुण आहे, कारण हलकी मॅट गाईच्या पायाखाली सरकते आणि सरकणाऱ्या जमिनीवर गाय बसायला धजत नाही. फोमसारख्या हलक्या, अधिक मऊ मॅटही बाजारात असतात. हाताने दाबून पाहताना त्या आकर्षक वाटतात, पण जड जनावराखाली त्या लवकर दबून जातात. बसवणे अवघड नाही, मात्र खालची जमीन सपाट आणि नालीच्या दिशेला उतार असलेली हवी. खड्डे तसेच ठेवून वर मॅट टाकली, तर ते खड्डे नाहीसे होत नाहीत, फक्त दिसेनासे होतात आणि त्यांत घाण साचत राहते.

या मॅटचे खरे यश पाहायचे असेल तर गाय बसताना शेजारी उभे राहून पाहावे. गाय आधी मान खाली घालून जागा हुंगते, मग पुढचा एक पाय दुमडते, पाठोपाठ दुसरा दुमडून दोन्ही गुडघ्यांवर टेकते, मागचा भाग एका कुशीकडे झुकवते आणि शेवटच्या वीत-दीड वीत अंतरात अंग अक्षरशः सोडून देते. त्या क्षणी शरीराचा मोठा भार पुढच्या गुडघ्यांवर असतो. उघड्या सिमेंटवर आमची एक वयस्क गाय बसण्यापूर्वी डोके डावी-उजवीकडे हलवत राही, एक पाय अर्धा दुमडून पुन्हा सरळ करी आणि कधी कधी विचार बदलून तशीच उभी राही. मॅट टाकल्यावर ही चालढकल बरीच कमी झाली. उठताना गाय मागचा भाग आधी उचलते आणि डोके पुढे झोकून तोल सावरते. त्या वेळी मागचा खूर घसरला, तर पुढच्या खेपेला ती बसायलाच कचरते. पकडीच्या बाबतीत ही मॅट निःसंशय उत्तम आहे. तीन पायांवर उभे राहून, मान वळवून आपलाच पार्श्वभाग चाटणारी गाय उघड्या गुळगुळीत जमिनीवर क्वचितच दिसते, कारण तिला पायाखालच्या जागेचा भरवसा नसतो. रबरावर हे दृश्य वारंवार दिसू लागते, आणि जनावराच्या स्वास्थ्याची इतकी सोपी खूण दुसरी मला माहीत नाही.

बसण्याला एवढे महत्त्व का द्यायचे, असा प्रश्न अनुभवी पशुपालकही विचारतात. अनेकांच्या मनात बसलेली गाय म्हणजे रिकामी गाय असते. उभी राहून चरणारी गाय कामाची वाटते. प्रत्यक्षात बसून विश्रांती घेणे आणि रवंथ करणे हा तिच्या दिवसाचा सर्वांत मोठा भाग आहे. मार्गिट बाक येन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कालवडींना बसायला मिळावे यासाठी श्रम करावे लागत होते, आणि श्रम वाढवत नेले तरी त्या दिवसाचे १२ ते १३ तास बसण्याची गरज सोडायला तयार नव्हत्या. ज्या गोष्टीसाठी जनावर किंमत मोजते ती त्याची चैन नसते. असे असूनही मॅटविषयी मला सर्वाधिक वेळा विचारलेला प्रश्न आहे, ‘दूध किती वाढले?’ याचे प्रामाणिक उत्तर मला देता येत नाही, कारण त्याच काळात चारा बदलला, काही गाई आटल्या, काही व्याल्या, आणि त्या साऱ्यातून मॅटचा वाटा वेगळा काढणे कोणाही गोठेवाल्याला शक्य नाही. विक्रेते मात्र छातीठोकपणे आकडा सांगतात. त्या आकड्यावर विसंबून मॅट घेऊ नये. शिवाय हा प्रश्न विचारणाऱ्याची दृष्टी त्यातच दिसते: गाईला बरे वाटणे हे खरेदीचे पुरेसे कारण आहे की नाही, याचा निर्णय त्याने अजून केलेला नसतो.

आता मऊपणाविषयी, कारण जाहिरातीतील सर्वांत मोठा शब्द तोच आहे आणि सर्वांत दुबळाही. भरीव रबराची दोन सेंटिमीटरची मॅट सिमेंटपेक्षा मऊ असते, पण मऊ नसते. हे तपासायला कोणतेही उपकरण लागत नाही. मॅटवर उभे राहावे आणि हात न टेकता दोन्ही गुडघ्यांवर धपकन बसावे. दोन-तीन वेळा करून पाहिले की चौथ्या वेळी करावेसे वाटत नाही. दुकानातील माणसाला हे करायला सांगितले तेव्हा त्याने मॅटची जाडी पुन्हा एकदा सांगितली. गाईच्या बाबतीत या कठीणपणाचा हिशेब मागच्या पायांच्या मधल्या सांध्यावर, बाहेरच्या बाजूला दिसतो. तिथे आधी केस उडतात, मग कातडी गुळगुळीत व लालसर होते, पुढे खपली धरते आणि दुर्लक्ष झाले तर सांधा सुजतो. आमच्या गोठ्यात नुसत्या मॅटवर बांधलेल्या गाईंपैकी काहींचे केस असेच उडाले. मॅट नवी होती, स्वच्छ होती आणि व्यवस्थित बसवलेली होती. तिच्यावर अंथरूण नव्हते, एवढेच.

हे केवळ आमचे निरीक्षण नव्हे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील २० गोठ्यांवर डॅनियल वीअरी आणि तास्कुन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १,७५२ दुभत्या गाईंचे हे सांधे तपासले होते. वाळूच्या जाड थरावर बसणाऱ्या गाईंपैकी २४ टक्क्यांच्या सांध्यांवर इजा आढळली, लाकडाच्या भुशावर हे प्रमाण ७० टक्के होते आणि कृत्रिम गाद्यांवर ९१ टक्के. त्या गाद्या आमच्या मॅटपेक्षा वेगळ्या, आत भरण असलेल्या होत्या. म्हणजे मऊपणात त्या उजव्याच म्हणायच्या, तरीही निकाल हा. पुढे २००४ मध्ये कॅसँड्रा टकर आणि वीअरी यांनी अशाच गाद्यांवर भुसा टाकून पाहिला. साडेसात किलो भुसा टाकलेल्या जागेवर गाई मोकळ्या गादीपेक्षा दिवसाला दीड तास अधिक बसल्या. माझ्या मते मॅट घेऊ पाहणाऱ्याने जाडी आणि रंगाआधी ही एवढी गोष्ट लक्षात घ्यावी: मॅट हा पाया आहे, अंथरूण नव्हे.

दुर्दैवाने विक्रीचा सारा सूर याच्या उलट असतो. ‘आता पेंढा नको, भुसा नको, नुसते पाणी मारा’ हे वाक्य माहितीपत्रकात असते आणि विक्रेत्याच्या तोंडीही असते. पशुपालकाला ते पटते, कारण अंथरूण आणणे, पसरणे, ओले झालेले काढणे आणि त्याची विल्हेवाट लावणे ही रोजची कटकट आहे. शिवाय स्वच्छ धुतलेला, काळाभोर, चकचकीत गोठा डोळ्यांना भरतो, आणि येणारा-जाणाराही ‘जनावरांची काय निगा ठेवली आहे’ असे म्हणून जातो. माणसाला स्वच्छ दिसणारी आणि गाईला सुखाची वाटणारी जागा एकच असते, ही समजूत पशुपालकांच्या मनात फार खोल रुतलेली आहे. हा निष्काळजीपणा नव्हे. उलट अशा मॅट घेणारे बहुतेक जण जनावरांवर माया असलेलेच असतात. पण खर्च केला की कर्तव्य झाले, असे समाधान वस्तूबरोबर फुकट मिळते आणि त्यानंतर सांध्यावरचे उडालेले केस दिसेनासे होतात.

रोज पाहिलेली गोष्ट दिसत नाही, हे लंगडेपणाच्या बाबतीत मोजून पाहिले गेले आहे. ब्रिटनमधील दोनशेहून अधिक दूध-गोठ्यांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९० टक्के पशुपालकांच्या मते लंगडणे ही त्यांच्या गोठ्यातील मोठी समस्या नव्हती; त्याच गोठ्यांमध्ये लंगडणाऱ्या गाईंचे सरासरी प्रमाण मात्र ३६ टक्के होते. यातील कोणी खोटे बोलत होता असे नाही. गाय चरते आहे, दूध देते आहे, चालताना पाठ थोडी कमानदार होते आणि पाऊल आखूड पडते, एवढ्याने ‘लंगडी’ म्हणायचे नाही, अशी प्रत्येकाची आपापली रेघ ठरलेली असते. म्हणून मॅट बसवण्यापूर्वी प्रत्येक गाईच्या मागच्या दोन्ही सांध्यांचे छायाचित्र काढून ठेवावे आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढावे. विक्रेत्याच्या दाव्याची आणि आपल्या समजुतीची एकाच वेळी परीक्षा होते.

ओलसरपणा हा मॅटचा दुसरा मोठा प्रश्न आहे. रबर पाणी शोषत नाही, हे तिचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते आणि धुण्याच्या दृष्टीने ते खरेच आहे. पण जे पाणी शोषले जात नाही ते वरच राहते, आणि उतार कमी असेल तर धुतल्यानंतर बराच वेळ गाईला ओल्या जागेवर बसावे लागते किंवा ताटकळत उभे राहावे लागते. गाईंना ओले अंथरूण किती नकोसे असते याचा प्रयोग झालेला आहे: २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांच्या अभ्यासात कोरड्या भुशावर गाई दिवसाला सरासरी १३.८ तास बसल्या आणि ओल्या भुशावर फक्त ८.८ तास. धुण्याची सोय म्हणून दिवसातून अनेकदा पाणी मारणारा पशुपालक नकळत गाईचे बसण्याचे तास धुऊन टाकत असतो. आम्ही आता खरवडून शेण काढतो, पाणी कमी मारतो, धुणे गाई बाहेर असताना उरकतो आणि नंतर भुशाचा पातळ थर टाकतो. गुडघ्याचीच आणखी एक साधी चाचणी इथे उपयोगी पडते: गाय बसते त्या जागी अर्धा मिनिट गुडघा टेकून बसावे, आणि कापड ओले झाले तर जागा गाईसाठी तयार नाही असे समजावे.

मॅटच्या जोडांमधील फटींविषयी तक्रार नोंदवणे भाग आहे. दातेरी कडा सुरुवातीला घट्ट बसल्या होत्या, पण काही काळाने दोन-तीन ठिकाणी त्या उचलल्या गेल्या. एक मॅट उलटून पाहिली तेव्हा खालच्या खाचांमध्ये काळा, चिकट गाळ गच्च भरलेला होता आणि त्याचा उग्र वास डोळ्यांना झोंबत होता. गाईचे नाक बसल्यावर या फटीपासून हातभर अंतरावर असते. म्हणजे खाचा पाणी वाहून नेण्यासाठी आहेत हे खरे असले, तरी शेणाचा बारीक गाळ त्या वाहून नेत नाहीत. मॅट ठरावीक काळाने उचलून खालची जमीन घासावीच लागते. एवढी जड वस्तू उचलायची तर माणसे जमवावी लागतात आणि ते काम पुढे ढकलले जाते. माहितीपत्रकात याचा उल्लेख नव्हता. अखंड पट्ट्याच्या स्वरूपात मिळणाऱ्या मॅटला जोड कमी असतात, त्यामुळे शक्य असेल त्याने तो पर्याय पाहावा.

खुरांविषयी थोडक्यात सांगायचे तर रबरावर खूर कमी झिजतात. खडबडीत सिमेंटवर होणारी अति झीज थांबते हा फायदा आहे, पण वाढलेले खूर कापून घेण्याची वेळ अधिक लवकर येते आणि तिकडे लक्ष ठेवावे लागते.

एका अपेक्षेविषयी स्पष्ट लिहायला हवे, कारण ‘मॅट टाकूनही गाई बसत नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्यांच्या गोठ्यात मी जे पाहिले त्याचा मॅटशी संबंध नव्हता. माणूस आत आला की साऱ्या गाई एकदम उठतात, मान वर करून कान रोखतात आणि हात पुढे केला की दाव्याच्या टोकापर्यंत मागे सरकतात. असा गोठा असेल तर अंथरूण कितीही चांगले असो, विश्रांती तुटकच राहणार. जेफ रशन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले की ज्या माणसाने गाईला त्रास दिला होता तो धारेच्या वेळी नुसता जवळ उभा राहिला तरी कासेत मागे राहणारे दूध ७० टक्क्यांनी वाढले. पान्हा चोरणे म्हणतात ते हेच, आणि त्याचा दोष गाईच्या स्वभावाला दिला जातो. ऑस्ट्रेलियातील पॉल हेम्सवर्थ आणि ग्रॅहॅम कोलमन यांच्या दीर्घ संशोधनाचा गाभा असा आहे की गाय हाताळणाऱ्याची वागणूक तिच्याविषयीच्या त्याच्या समजुतींवर ठरते. ‘मारल्याशिवाय हलत नाही’ असे मानणारा काठी उचलतोच, आणि प्रशिक्षणाने ती समजूत बदलता आली तर काठी खाली जाते, गाईचे बिचकणे कमी होते. ब्रिटनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ५१६ पशुपालकांच्या पाहणीत गाईंना नावाने हाक मारणाऱ्या गोठ्यांत गाईमागे एका वेताचे दूध २५८ लिटरनी अधिक आढळले होते. नाव ठेवल्याने दूध येते असा त्याचा अर्थ नव्हे. जो नाव ठेवतो तो प्रत्येक गाईकडे वेगळे पाहतो, इतकाच त्याचा अर्थ मी घेतो. अशा माणसाने मॅट घेतली तर ती फळते. इतरांनी आधी काठी बाजूला ठेवावी, त्याला पैसे पडत नाहीत.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल संमिश्र मत आहे. माल वेळेवर आला, कापून बसवून देणाऱ्या माणसांचे काम नीटनेटके होते. मात्र त्यांनी मोजली ती जमीन. गाय मोजली नाही. गव्हाणीपासून नालीपर्यंतचे अंतर गाईच्या अंगाला अपुरे असेल, तर मागचे सांधे नालीच्या कडेवर येतात आणि तिथे मॅट संपलेली असते. आमच्या दोन मोठ्या गाईंच्या बाबतीत हेच घडले आणि दावे सैल करून, जागा बदलून तोडगा काढावा लागला. मापे घेताना गोठ्यातील सर्वांत मोठी गाय बसलेली असताना तिच्या मागच्या बाजूपर्यंत अंतर मोजून घ्यावे आणि उठताना डोके पुढे झोकायला मोकळी जागा उरते का तेही पाहावे. हमीपत्रात मॅट फाटणे आणि चिरणे धरलेले आहे. कडा उचलल्या जाणे धरलेले नाही, ही तफावत खरेदीपूर्वीच विचारून घ्यायला हवी.

मग ही मॅट घ्यावी का? ज्याच्याकडे उघडे सिमेंट आहे आणि जो अंथरूण टाकत राहणार आहे, त्याने अवश्य घ्यावी. घसरणे आणि गुडघ्यांवरचा आघात या दोन गोष्टींत फरक लगेच जाणवतो. ज्याला वाळूचा वीतभर थर टिकवता येतो, ओली वाळू काढून नवी भरता येते आणि शेणाबरोबर निघणाऱ्या वाळूची सोय करता येते, त्याने मॅटच्या फंदात पडू नये, त्याच्या गाई आधीच अधिक सुखात आहेत. ज्याला अंथरूण बंद करण्यासाठी मॅट हवी आहे त्याला माझी शिफारस नाही. लहान वासरांसाठी तर ती मुळीच नको. वासराला अंग चोरून पाय झाकले जातील असा कोरड्या पेंढ्याचा जाड थर लागतो, आणि थंडीत ओल्या रबरावर त्याच्या अंगातील ऊब निघून जाते. आमच्याकडे वासरांच्या कप्प्यातील मॅट काढून धार काढण्याच्या जागी आणि पाण्याच्या हाळासमोर टाकल्या आहेत. तिथे गाई उभ्या असतात, बसत नाहीत, जागा सतत ओली असते आणि घसरण्याची भीती सर्वांत जास्त असते. त्या दोन ठिकाणांसाठी पुन्हा घ्यायची वेळ आली, तर हीच मॅट घेईन.